रांगेतला तिसरा

गेल्या वर्षी मी एका तक्त्याशी भांडले. तक्ता तुम्हीही पाहिलेला आहे. डावीकडे हात टेकून चालणारं वानर, मग जरा उठलेलं, मग गुडघ्यात वाकलेला केसाळ माणूस, आणि असं करत करत उजवीकडे छाती काढून, भाला घेऊन निघालेला उंचापुरा पुरुष. पुरुषच. या रांगेत मी आजवर एकही बाई पाहिलेली नाही. माणूस घडत होता तेव्हा बाया बहुधा स्वयंपाकघरात होत्या.

मी जन्मभर जबलपूरच्या एका मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं, तेही हिंदीत. घरी मराठी, वर्गात हिंदी, त्यामुळे काही शब्द माझ्यासाठी कायमचे दुहेरी झाले. त्यातला एक शब्द ‘योग्य’. आमच्या घरी योग्य म्हणजे जिथल्या तिथे नीट बसणारं. या पातेल्याला हे झाकण योग्य नाही, असं आई म्हणायची, तेव्हा त्यात झाकणाचा अपमान नसायचा. हिंदीत मात्र योग्य म्हणजे लायक, हुशार, वरचा. पुस्तकात छापलेलं असायचं, ‘योग्यतम की उत्तरजीविता’, म्हणजे सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट. मी दर वर्षी मुलींना सांगायचे की हा शब्द झाकणासारखा वाचा. अंधाऱ्या गुहेत राहणारा आंधळा मासा तिथे योग्य असतो. नुसतं योग्य असं जगात काही नसतं, जागा सांगावी लागते.

माझा भाऊ शहराबाहेर खमरियाला, दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहतो. त्याच्या मुलीचा डावा पाय जन्मापासून बारीक आहे. चालताना ती डावा हात गुडघ्यावर दाबते आणि पुढे वाकते. सुट्टीत ती सिव्हिल लाइन्सला माझ्याकडे यायची, तेव्हा पेरूच्या झाडावर लंगूर उतरले की गच्चीवरून हलायची नाही. कोणतं पिल्लू कोणत्या आईचं हे तिला लांबून कळायचं. अकरावीला बायोलॉजी घ्यायची हे तिनं सातवीतच ठरवून टाकलेलं.

दहावीची परीक्षा झाली आणि एका रविवारी जेवताना ती म्हणाली, ‘‘आत्या, मी बायो नाही घेऊन राहिली. कॉमर्स घेते.’’

भाऊ ताटात बघत राहिला. त्याला कारण ठाऊक होतं. मला ते तिच्याकडून काढून घ्यायला अख्खी दुपार लागली. तिच्या शाळेच्या लॅबमध्ये तो तक्ता आहे. कुणीतरी एकदा तिला त्या वाकलेल्या तिसऱ्या माणसाशेजारी उभं केलं, सगळे हसले, आणि तेव्हापासून ती ‘नंबर तीन’ झाली. वर्गात शिरली की, ‘नंबर तीन आ गई’. एक सरही हसले होते म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या विषयावर मी जन्म काढला, त्याच विषयाच्या भिंतीवर माझ्या भाचीला लटकवलं होतं.

भाऊ म्हणाला, ‘‘जाऊ दे न ताई. काहून लागून राहिली त्यांच्या मागे? कॉमर्स तर कॉमर्स.’’ मी दुसऱ्या दिवशी रिक्षा करून शाळेत गेले.

प्रिन्सिपल गोड माणूस. चहा मागवला, मला मॅडम-मॅडम केलं. त्यांच्या खुर्चीमागे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की इथे योग्यतमच टिकतो. मी तक्त्याचं सांगितलं. त्यांना सगळं माहीत होतं. मुलं आहेत, चिडवणारच, असं म्हणून ते जरा पुढे झुकले आणि मला, जीवशास्त्राच्या मास्तरणीला, जीवशास्त्र सांगू लागले. ‘‘देखिए, नेचर का नियम है, योग्यतम ही बचता है. बच्ची को खुद मज़बूत बनना पड़ेगा.’’

हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं आहे. उत्क्रांतीच्या या सिद्धांताचं समाजात जे झालं ते पाहून चीड येते. ज्याचं पोट भरलेलं, त्याला कळलं की दुसऱ्याची भूक हा निसर्गनियम आहे. राज्य करणाऱ्यांना कळलं की गुलामांचं गुलाम असणं शास्त्रशुद्ध आहे. आणि आपल्या लोकांना तर आयतंच सापडलं. जन्मानं आम्ही वरचे, हे चारचौघांत म्हणायची लाज वाटू लागली, तेव्हा ते ‘जीन्स’ म्हणू लागले. आमच्या मराठी मंडळींच्या हळदीकुंकवातसुद्धा हुशारी रक्तात असते हे मी वाटली डाळ खाता खाता ऐकलेलं आहे. मुळात रांग नव्हतीच. एक झाड होतं, फांद्या फुटलेलं. पेरूवरचा लंगूर आपला मागे राहिलेला पूर्वज नाही, लांबचा चुलत भाऊ आहे. रांग यांनी लावली, कारण यांना पुढे उभं राहायचं होतं.

पण हे सगळं मी तिथे बोलले नाही. चहा ढकलून दिला. लॅब दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, हे मी येताना पाहिलं होतं. चढताना तो उजवीकडे येतो, तेव्हा ठीक. उतरताना डावीकडे येतो, आणि डावा हात तर तिला गुडघ्यावर हवा असतो.

‘‘उसको अयोग्य नेचर ने बनाया,’’ मी विचारलं, ‘‘कि आपके ठेकेदार ने?’’

 ते म्हणाले, कठड्याचं बघू, बजेटमध्ये टाकू. तक्ता मात्र उद्याच काढतो, तुम्ही म्हणता तर.

मी लढाई जिंकल्यासारखी खमरियाला गेले, तर भाची माझ्यावरच भडकली. आता सगळे म्हणतील हिच्यासाठी काढला, काहून गेली तू, असं म्हणून तिनं तोंड फिरवलं. बरोबर होतं तिचं.  थोड्या वेळानं तिनंच विचारलं, ‘‘आत्या, ते तीन नंबरवाले मेले का सगळे?’’

मी सांगितलं की ती माणसांचीच एक जुनी जात, तसे वाकलेले ते कधी नव्हतेच, चित्र काढणाऱ्यानं त्यांना वाकवलं. आणि पूर्ण संपलेही नाहीत. आपल्यासारख्यांशी त्यांची लग्नं लागली म्हण हवं तर, त्यांच्यातलं थोडंसं आपल्यात आहे.

‘‘प्रिन्सिपल सरांच्यात पण?’’

‘‘त्यांच्यात पण.’’

ती इतकी हसली की आतून भाऊ बघायला आला. आठवड्याभरात तिनं बायोलॉजी घेतली.

तक्ता खरंच दुसऱ्या दिवशी निघाला. तक्ता काढायला एक खिळा उपसावा लागतो. कठडा आज वर्ष झालं तरी लागलेला नाही. मी फोन करते, बजेट येणार असतं. दरम्यान भाचीनं आपली सोय केली आहे. लॅब सुटली की ती पाठ फिरवते, उजव्या हातानं तोच कठडा धरते आणि दोन मजले उलटी उतरते, एकेक पायरी पायानं चाचपत. खाली येणारी बाकी मुलं तिच्या बाजूनं भराभर निघून जातात.

मागच्या महिन्यात फोन केला तेव्हा प्रिन्सिपल फार खुशीत होते. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, ‘‘मैडम, आपने देखा? कितना बढ़िया अडैप्ट कर लिया बच्ची ने. अब रेलिंग की तो ज़रूरत ही नहीं.’’