भरल्या पाण्यात सोयरे

आमच्या गावाला गाव म्हणायचं म्हणून म्हणतात. टेकाडावर पाच-सहा घरं, एक मारुती, आणि चारही बाजूंनी धरणाचं पाणी. पूर्वी इथं मोठं गाव होतं. धरण झालं तेव्हा खालची घरं उठून परतूरच्या रस्त्याला नव्या वसाहतीत गेली. आमची घरं उंचावर. आमच्या घरात पाणी आलं नाही, नुसतं भोवती आलं. म्हणून आम्हाला कोणी उठवलं नाही आणि आम्हीही उठलो नाही.

लोक विचारतात, तिथं कशा राहता. राहते तशी राहते. वांगी, टरबूज झकास येतात. मासा ताजा मिळतो. कोणाची जनावरं आमच्या पिकात शिरत नाहीत. छपरावर सोलरच्या पाट्या आहेत, दिवा जळतो. मोबाइलला रेंज फक्त मारुतीच्या ओट्यावर येते, त्यामुळे मारुतीला कधी नव्हे इतके भक्त मिळाले आहेत.

जायला-यायला कढई. गूळ शिजवायची मोठी लोखंडी कढई असते, ती. पाणी जिथं अरुंद आहे तिथं या काठापासून त्या काठापर्यंत जाड दोर बांधला आहे. कढईत बसायचं आणि तो दोर हातांनी ओढत पलीकडं जायचं. कढई गोल, एका बाजूला भार झाला की लगेच कलते. म्हणून माणसं वजन पाहून समोरासमोर बसवावी लागतात. आमच्याकडं कोण किती जड हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तोंडावर सांगतात. तू जाड, तू तिकडं बस. त्यात कोणाला राग येत नाही. मी आता वाळले आहे, त्यामुळे माझा उपयोग शेळीच्या समोर बसायला होतो.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की एका बाजूनं वाट उघडी पडते आणि थोडे दिवस माणूस कोरड्या पायानं येतो. या वाटेनंच आमचा घात केला.

नातू लग्नाचा झाला होता. शेती करतो, भाजी परतूरच्या बाजाराला नेतो. दारू नाही, तंबाखू आहे. हल्ली शेतीवाल्याला मुलगी देत नाहीत, आमच्याकडं तर मधे पाणी. टेकाडावरची त्याच्या वयाची पोरं औरंगाबादला कंपनीत निघून गेली होती. हाही म्हणाला, यंदा जमलं नाही तर मी पण जातो. तो गेला असता तर त्याच्या मागं मुलगा आणि सून, आणि त्यांच्या मागं मी. आमच्या दाराला कुलूप लागणार होतं, हे मला दिसत होतं.

मुलानं शहाणपणा केला. पाहुण्यांना वैशाखात बोलावलं. ते मोटारसायकलींवर थेट दारात आले, आमरस खाल्ला, सुपारी फुटली. पाण्याचा विषय कोणी काढलाच नाही. श्रावणात मुलीचा मामा काही कामानं आला आणि पलीकडच्या काठावर उभा राहिला. त्यानं पाणी पाहिलं, कढई पाहिली, तिथूनच फोन केला आणि तिथूनच परत गेला. सोयरीक मोडली.

मी मुलाला म्हटलं, पाणी काय झाकून ठेवायची चीज आहे का? आता पाहुणे बोलवायचे तर भरल्या पाण्यातच.

"माय, मंग येईल कोण?"

"जो येईल तो पाहून येईल."

दोन दिवस तो धुसफुसत होता. मग ऐकलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

दिवाळी झाल्यावर पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूचे पाहुणे आले. मुलीचे वडील, तिची आत्या, आणि मुलगी स्वतः. घर पाहायला मुलगी येत नाही, अशी आपली रीत. आत्याबाईंनी पलीकडच्या काठावर गाडीतून उतरल्या-उतरल्या तक्रार केली की पोरगी ऐकत नाही, राहायचं मला हाये तर बघणार बी मीच म्हणते. मी म्हटलं, बराबर म्हणते.

त्यांना आणायला मी मुलासोबत पलीकडं गेले होते. पाहुण्यांचा मान म्हणून मुलानं कढईत गादी टाकून वर सतरंजी अंथरली होती. वडील आणि आत्याबाई बैठकीत बसावं तसे एकाच बाजूला शेजारी-शेजारी बसले. आत्याबाई अंगानं चांगल्या भरलेल्या. मुलाला ते दिसत होतं, पण होणाऱ्या सोयऱ्यांना सरका कसं म्हणायचं? तो गप्प दोर ओढत राहिला. मधोमध आलो तशी कढई कलली. पाणी आत आलं, सतरंजी भिजली. वडिलांनी घाबरून काठ धरला, तशी ती आणखी कलली.

मी म्हटलं, "बाई, तुमी जड हाव, मधी सरका. दादा, तुमी माझ्याकडं या."

मुलानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी घर पेटवून दिलं. दोघं सरकले, कढई सरळ झाली. आत्याबाईंनी पदर पिळला.

"अजून सोयरीक झाली न्हाई, अन् बाई माझं वजन काढून राह्यली."

"सोयरीक होईस्तोवर थांबले असते तर बुडालो असतो," मी म्हटलं.

मुलगी हसली. तोंडाला पदर-बिदर न लावता हसली.

घरी चहा झाला, भजी झाली. आत्याबाई चुलीजवळ लुगडं वाळवत बसल्या. मुलीनं मला विचारलं की इथं कोणी एकदम आजारी पडलं तर काय करता. मी होतं ते सांगितलं. बाळंतपणाची बाई महिनाभर आधीच परतूरला ठेवतो. एकदा एकाला साप चावला होता, तेव्हा वादळ सुटलं होतं, कढई काढता आली नाही, तो गेला. मुलगा खोकला. मुलीच्या वडिलांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, संपलं. पण विचारलं तर सांगायलाच पाहिजे.

मग मुलीनं दुसरं विचारलं. "आजी, इथं बाया कढई ओढतात का कुणाची वाट पाहावी लागते?"

हे तिनं का विचारलं ते नंतर कळलं. तिचा नर्सिंगचा कोर्स झालेला. भोकरदनला दवाखान्यात काम मिळालं होतं, पण घरच्यांनी एकटीला जाऊ द्यायचं नाही. भावानं मोटारसायकलवर सोडायचं आणि आणायचं. भावाला वेळ नसला की ही घरी. असं करता करता ते काम गेलं होतं.

मी म्हटलं, "तुला सोडायला इथं कुणाला वेळ हाये? ज्याला जायचं त्यानं ओढायचं. माझी सून ओढते. खांदा होता तवर मी बी ओढली."

मग ती नातवाशी मारुतीच्या ओट्यावर बसून बोलली, आत्याबाईंना दिसेल अशा बेतानं. नातू तिला म्हणे बोलून गेला, तू म्हणशील तर आपण औरंगाबादला राहू. ती म्हणाली, मग मी एवढ्या लांब भिजायला आले का?

परत जाताना मीही सोबत होते. तिनं मुलाच्या हातातून दोर घेतला. पहिल्यांदा कढई जागच्या जागी गरागरा फिरली, आत्याबाईंनी देवाचं नाव घेतलं. मग तिला जमलं. काठावर उतरली तेव्हा तिचे तळहात लाल झाले होते. ती ते पाहत होती.

वडील म्हणाले, घरी बोलून कळवतो. हे कळवतो मी आयुष्यात पुष्कळ ऐकलं आहे. त्याचा अर्थ नाही असाच असतो. मुलगा मान हलवत कढईतली सतरंजी आवरायला लागला.

मुलगी म्हणाली, "काय कळवायचं बाबा? यांनी पाणी दाखवलं, साप बी सांगितला. आता आणखी काय राह्यलं?"

वडिलांआधी आत्याबाईच म्हणाल्या, "दे दादा. सासू कशी बी असो, आजेसासू खोटं बोलनार न्हाई."

लग्न माघात झालं. वऱ्हाड दिवसभर कढईनं ये-जा करत होतं. शेवटची खेप आली तोवर पहिली पंगत जेवून झोपली होती.

आता ती रोज परतूरला दवाखान्यात जाते. सकाळी डबा घेते, कढई ओढते, पलीकडं स्कूटी उभी असते. नातू इथंच आहे. यंदा त्यानं टरबुजाचं रान वाढवलं. भांडतात दोघं, तंबाखूवरून. भांडू दे.

टेकाडावरची बाकीची घरंही पाहुण्यांना आता दिवाळीनंतरच बोलावतात. एकाचं जमलं. एकाचं जमलं नाही, पाहुणे काठावरूनच परत गेले. त्याची आई येता-जाता मला बोल लावते की तुमच्यामुळं झालं. लावू दे. ती मुलगी लग्न होऊन श्रावणात पाणी पाहून परत जाण्यापेक्षा आत्ताच आली नाही, हे बरं.