सर्फिंगला निघालेली लक्झरी

नातीने आमचं लाटणं मोडलं तेव्हा ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. लाटणं आडवं ठेवायचं, त्यावर जेवायचा पाट ठेवायचा आणि पाटावर उभं राहून झुलायचं, असा तिचा उद्योग चालला होता. सर्फिंगचा सराव म्हणे. समुद्रात फळीवर पालथं पडायचं, लाट आली की उठून उभं राहायचं आणि लाटेबरोबर किनाऱ्याला यायचं.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग परत आत जायचं, आजी."

"म्हणजे कुठेच पोचायचं नाही."

"नाही."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझा मुलगा रोज स्कूटरवरून कंपनीत जायचा आणि परत यायचा. तोही कुठे पोचलेला दिसत नव्हता.

कोकण रेल्वे झाल्यापासून बडोद्याहून दक्षिणेला थेट गाडी जायला लागली होती. कर्नाटकात कोळ्यांचं एक लहान गाव होतं, तिथे एक माणूस हा प्रकार शिकवायचा. नातीने सायबर कॅफेत बसून सगळं शोधून काढलं होतं. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी आठवडाभर जाणार, एका कोळ्याच्या घरी राहणार. परीक्षा झाल्यावर तिला लगेच पुण्याला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. मधली सुट्टी तेवढीच. ती गेली की असली सुट्टी परत मिळणार नाही, हे तिला ठाऊक होतं आणि तिच्या बापालाही.

"पोहता येतं ते ठीक आहे," तो म्हणाला. "पण मोठं कोणीतरी बरोबर पाहिजे. नाहीतर नाही."

त्याला रजा नव्हती. सून घरी शिकवण्या घ्यायची, तिला हलता येत नव्हतं.

"मी जाते," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नातीने येऊन मिठी मारली. तिला वाटलं, आजी आपल्यासाठी तयार झाली. तसं काही नव्हतं. मी माशांसाठी तयार झाले होते. माझी आई कोकणातली. लग्न होऊन बडोद्याला आली आणि मरेपर्यंत म्हणत राहिली, बर्फातला मासा म्हणजे मासा नव्हे. मी जन्मभर बर्फातलाच खाल्ला.

आणि तोही अलीकडे चोरून. आमच्या घरातले जुने लोक बडोद्याच्या सरकारांच्या, म्हणजे राजांच्या, पलटणीत होते. मांडवीजवळ राहत होतो तोवर सगळी गल्ली आपल्यातलीच. कालवणाला उकळी फुटली की शेजारीण वाटी घेऊन यायची. मग मुलाने कारेलीबागेत फ्लॅट घेतला. सोसायटी शाकाहारी. तुम्ही खात नाही ना, असं सेक्रेटरींनी आधीच विचारलं होतं आणि मुलाने मान डोलावली होती. तेव्हापासून दर रविवारी तोच सोहळा. मासे काळ्या पिशवीत, काळी पिशवी कापडी पिशवीत, वर खंडेराव मार्केटमधली मेथीची जुडी. घरी आलं की खिडक्या बंद, उदबत्त्या चालू. काटे वर्तमानपत्रात गुंडाळून मुलगा स्कूटरवरून लांब टाकून यायचा. सगळी खबरदारी सुनेची. तिच्याकडे सोसायटीतली मुलं गणिताला यायची. कळलं तर मुलं बंद होतील, ही तिची भीती.

तर आम्ही पाचजणी जाणार, असं ठरलं. तिकिटं काढायच्या आधी सूनबाई खालच्या मजल्यावर सेक्रेटरींच्या बायकोजवळ सहज बोलली. बडोद्यात कुणी प्रवासाला निघालं की त्याला एकटं जाऊ देत नाहीत. संध्याकाळी सेक्रेटरीच वर आले. ते मला बा म्हणत, म्हणजे आई. ते गुजरातीत बोलत, मी मराठीत, आणि दोघांचं व्यवस्थित चालायचं.

"बा, मुलींनी ट्रेनने कशाला जायचं? आपण लक्झरीच करून टाकू."

लक्झरी म्हणजे मोठी खासगी बस. दोन-तीन दिवसांत ती भरली. सेक्रेटरींचा मेहुणा आला, मेहुण्याचे व्याही आले. स्वयंपाकाला महाराज ठरला, गॅसची बाटली आणि पिठाचे डबे ठरले. एवढ्या लांब जायचं तर वाटेत शिर्डी हवी, कोल्हापूरची अंबाबाई हवी. मग कुणीतरी गोवा काढला. नातीचं गाव मागे मागे सरकत शेवटी एका दुपारवर आलं.

"तिथे दोन-तीन तास पुरेत," सेक्रेटरी म्हणाले. "बेबी फळीवर उभी राहील, आपण फोटो काढू, पुढे निघू."

मुलगा खूष. एवढी माणसं बरोबर, त्याला काळजीच उरली नाही. नात स्वयंपाकघरात माझ्याशेजारी येऊन बसली.

"आजी, दोन तासांत तर माणूस नुसता पडतो. उभं राहायला दिवस लागतात."

"मग सांग तसं."

"सांगितलं. म्हणाले, पडल्याचा फोटो काढू."

रविवारी आमच्याच हॉलमध्ये मीटिंग भरली. खिडक्या उघड्या होत्या, कारण त्या दिवशी सुनेने शेवभाजी केली होती. कोण कुठल्या सीटवर बसणार ते चाललं होतं. मी म्हटलं, "ते गाव कोळ्यांचं आहे हे माहीत आहे ना? रस्त्यावर मासळी वाळत घालतात. अंगणात जाळी. घराघरात वास."

माझी अटकळ होती की एवढ्यावर बस निम्मी रिकामी होईल. कुणी हललं नाही.

"नाकाला रुमाल लावू," मेहुणा म्हणाला.

"महाराज बसपाशीच रांधेल," व्याही म्हणाले.

"बा, तुम्ही चिंता करू नका," सेक्रेटरी मलाच धीर द्यायला लागले. "आपल्याला कुठे खायचंय? फक्त बघायचंय."

"मला खायचंय," मी म्हटलं.

सून चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, ती तिथेच राहिली.

"मी त्यासाठीच चाललेय," मी म्हटलं. "सकाळी बांगडा, दुपारी सुरमई. येताना सुकट आणणार. मांडीवर डबा घेऊन बसेन, कुणाला त्रास द्यायची नाही. घरी खातो तेव्हाही आम्ही कुणाला त्रास देत नाही."

"घरी?" मेहुण्याने विचारलं.

"रविवारी," मी म्हटलं. "आज तेवढं नाही."

सगळ्यांनी चहा घेतला, ते मात्र सांगायला हवं. कप ठेवताना मेहुण्याला आठवलं की त्याच्या दुकानाचं रंगकाम निघालंय. व्याह्यांच्या गुडघ्यांना बसचा प्रवास चालणार नव्हता. सेक्रेटरी "जोईशुं, जोईशुं" म्हणत जिना उतरले. म्हणजे बघू. बडोद्यात बघू म्हटलं की बेत मोडला.

दार लागल्यावर सून म्हणाली, "आई, मुलं बंद होतील माझी."

"एका दुपारसाठी पोरीने लाटणं मोडलं होतं का?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिकवणीची वेळ झाली तशी सून दारात जाऊन मुलांच्या चपला मोजायला लागली. एक जोड कमी होता. तिचा चेहरा पडला. नंतर कळलं, त्या पोराला गालगुंड झालं होतं.

शिकवणी सुटायच्या वेळी सेक्रेटरींची बायको वर आली. सून भिंतीला टेकून उभी राहिली.

"भाभी, हिला अपूर्णांक जमत नाहीत," ती आपल्या मुलीचा कान धरून म्हणाली. "हिला रोज अर्धा तास जास्त बसवा."

"काल आई जे बोलल्या ते..." सुनेने सुरुवात केली.

"अरे भाभी, रविवारी सोसायटीतली सगळी मांजरं तुमच्या दारात बसतात. ती काय गणित शिकायला येतात?"

मी आतून विचारलं, "माहीत होतं तर मग बस का मोडली?"

"बा, तुम्ही मोठ्याने बोललात ना. आता आम्हाला माहीत नाही असं कसं दाखवायचं?"

बाई खरं बोलली. मला ती आवडायची, तेव्हापासून जास्त.

मुलाने थोडी कुरकुर केली. पण त्याची अट मोठ्या माणसाची होती आणि मोठी मी तयार होते. त्याने स्टेशनवर जाऊन पाच तिकिटं काढली. सेक्रेटरींच्या बायकोने थेपल्यांचा डबा पाठवला, वर निरोप, की हा डबा बांच्या पिशवीत ठेवू नका.

गावात मासळी वाळत होती, वास होता, मी सांगितलं होतं तसंच सगळं. मुली पहाटे पाण्यात जायच्या आणि नाकातोंडात वाळू घेऊन परत यायच्या. मी कोळणीच्या ओसरीवर दार-खिडक्या सताड उघड्या ठेवून जेवायची. आई खरं सांगत होती. पहिल्या दिवशी मी तिखट कमी पडलं म्हटलं, दुसऱ्या दिवशी कोळणीने रडवलं.

परत निघायच्या आदल्या दुपारी नात किनाऱ्यावरून ओरडत आली. "आजी, उभी राहिले! पार कडेपर्यंत! तू बघितलंस ना?"

तिच्या मैत्रिणी सांगतात की राहिली. असेल. माझ्या ताटात तेव्हा बांगडा होता आणि मी काटे काढत होते.