खांद्याचं वस्तादांनी सांगितलं नव्हतं

आमच्या जुन्या ड्रिल मास्तरांचा लातूरला सत्कार आहे. त्यानिमित्त स्मरणिका निघते आहे आणि हॉकीचा त्यांचा जुना कप्तान म्हणून मी तिच्यात चार पानं लिहावीत, असं पत्र आलं. विषयही पत्रातच सुचवलाय : खरा खेळाडू राजकारणापासून अलिप्त असतो. पत्र मी चुरगाळून फेकलं. मग उचलून मांडीवर सरळ केलं. हे ते छापणार नाहीत, ठाऊक आहे. तरी लिहितो.

अलिप्त म्हणे! निजामाच्या शेवटच्या वर्षांत नांदेडच्या आमच्या हायस्कुलात कोण कुठला खेळ खेळतो यावरून त्याचं मन कुठं आहे ते कुणीही सांगितलं असतं. हॉकी साहेबांचा खेळ. काठ्या हैदराबादहून यायच्या, सामन्याला अंमलदार खुर्च्या टाकून बसायचे, आणि आम्ही अकरा जण, हिंदू काय नि मुसलमान काय, सरकारी नोकरीवर डोळा ठेवून पळायचो. हुतूतूला काहीच लागत नाही. मातीत चार रेघा ओढल्या की झालं. तिथं खेड्यातली पोरं, आणि त्यातली निम्मी तरी दप्तरातून चळवळीची पत्रकं नेणारी. ड्रिल मास्तर त्याला गांधी टोपीवाल्यांचा खेळ म्हणायचे. ते स्वतः हिंदू, माझ्याच जातीचे, निजामाच्या फौजेत राहून आलेले. सरकारवरची त्यांची निष्ठा त्यांच्या बुटांइतकीच चकचकीत होती.

मी संध्याकाळी हॉकी खेळायचो आणि पहाटे तालमीत जायचो. आमचे वस्ताद मुसलमान. मारुतीला हात जोडून गडी आखाड्यात उतरायचा आणि मारुतीपुढची उदबत्ती वस्ताद स्वतः लावायचे. त्यांचा दंडक होता : राजकारण चपलांबरोबर बाहेर ठेवायचं. त्यामुळे दोन्हीकडचे लोक त्यांच्यावर नाराज. मशिदीत विचारायचे, तू आमचा की त्यांचा. बाजारात विचारायचे तेच, फक्त उलट.

तालमीचा आणखी एक नियम होता, न सांगता पाळायचा. जोडीदाराचं दुखणं आखाड्याबाहेर बोलायचं नाही. रोज ज्याच्याशी झटतो त्याचा कुठला गुडघा कच्चा, कुठली बरगडी हळवी, हे त्याच्या आईपेक्षा आपल्याला जास्त ठाऊक असतं. माझा जोडीदार रेणापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, मामाकडं शिकायला राहिलेला, हुतूतूच्या संघाचा म्होरक्या. त्याचा उजवा खांदा निखळायचा. मग वस्ताद त्याला उताणा निजवून काखेत टाच रोवायचे आणि हात ओढून खांदा जागेवर बसवायचे. ही गोष्ट तिघांनाच माहीत : त्याला, वस्तादांना आणि मला.

राजवट संपायच्या आधीच्या हिवाळ्यात लातूरला शाळांचे सामने ठरले. जिल्ह्याचे मोठे साहेब, ज्यांना तेव्हा तालुकदार म्हणत, ते येणार होते. सुरुवातीला सगळ्या संघांनी रांगेत उभं राहून निजामाच्या पिवळ्या झेंड्याला सलाम करायचा होता. जोडीदार मला तालमीतच म्हणाला होता की तो हात वर करणार नाही.

हे ड्रिल मास्तरांच्याही कानावर आलं. त्यांनी मला खोलीत बोलावलं. हैदराबादच्या स्पर्धेला कप्तान कोण करायचा ते अजून ठरलं नाही, असं आधी म्हणाले. मग विचारलं, तुझा जोडीदार परवा सलाम करणार का?

मी म्हणालो, "सर, त्याचा उजवा खांदा निखळतो. हात वर जात नाही त्याचा."

वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आलो की हे मी त्याला वाचवायला बोललो. साफ खोटं. हात वर न करायला त्याला एक निमित्त मिळावं आणि मला कप्तानी मिळावी, दोन्ही एका वाक्यात उरकावं, असा माझा हिशोब होता. मला माहीत नाही असंही म्हणता आलं असतं. कप्तानी गेली असती, एवढंच.

लातूरच्या मैदानावर शिट्टी झाली. सगळे हात कपाळाला गेले. त्याचा गेला नाही. तालुकदारांच्या देखत ड्रिल मास्तर चालत हुतूतूच्या रांगेपाशी आले आणि म्हणाले, "तुझा हात वर जात नाही म्हणे. मी मदत करतो." त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि हात मागून वर पिरगाळला. तो ओरडला नाही. गुडघ्यावर बसला. मास्तर त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "तुमच्या तालमीतूनच कळलंय मला." हे मला ऐकू आलं, कारण आमची रांग शेजारीच होती. मी पहिला उभा होतो आणि माझा हात अजून कपाळालाच होता.

हात गळ्यात बांधून त्याला मोटारीनं नांदेडला आणला. पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. वस्ताद मामाच्या घरी धावत आले, दारातच पटका काढून ठेवला, बाह्या सरसावल्या. मी भिंतीला टेकून उभा होतो.

जोडीदार म्हणाला, "हात लावू नगा, वस्ताद. काय सांगायचं ते सांगून झालंय की तुमचं."

वस्तादांना काही कळेना. मामानं त्यांना मास्तरांचं बोलणं ऐकवलं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तिघांतले दोन वजा केले की उरतो कोण, हे गणित त्यांना तिथल्या तिथं सुटलं. जोडीदाराला मात्र ते सुटलं नाही. सुटणार कसं? मी त्याच्या जातीचा नसलो तरी त्याच्या धर्माचा होतो, आणि बाहेरची हवाच अशी होती की मुसलमानानं सांगितलं यावर विचार करायची गरजच कुणाला वाटत नव्हती. माझं नाव वस्तादांनी घेतलं नाही. ते एवढंच म्हणाले, "आज बसवला न्हाई तर पुन्हा बसायचा न्हाई, बेटा."

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी बोललो असतो तर त्या घटकेला खांदा बसला असता. मी बोललो नाही. दुसऱ्या कुणीतरी हाडवैद्यानं पुढं काहीतरी केलं. तो हात परत कधी खांद्याच्या वर गेला नाही. हैदराबादला कप्तान म्हणून मी गेलो.

वस्तादांनीच सांगितलं अशी बोलवा गावभर झाली आणि महिन्याभरात तालीम ओस पडली. वस्ताद मुदखेडला गेले आणि स्टेशनवर हमाली करू लागले. राजवट गेल्यावर मी एकदा तिथं जाऊन त्यांच्यासमोर रडलो. त्यांनी मला चहा पाजला. म्हणाले, "माझ्याजवळ बोलून काय होतंय? त्याच्याजवळ बोल." काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं. मी तेव्हाही बोललो नव्हतो.

आणि ड्रिल मास्तर? राजवट पडल्यावर आठवड्याच्या आत त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. तेव्हापासून ते प्रत्येक बक्षीस समारंभात पोरांना सांगत आलेत, खेळात राजकारण आणू नका. मला त्यांची चीड येते आणि त्याहून जास्त चीड येते ती टाळ्या वाजवणाऱ्यांची. त्यांच्यात कितीतरी वर्षं मीही बसलोय, पहिल्या रांगेत.

पत्र आलं त्या आठवड्यात मी रेणापूरला गेलो. जोडीदार खळ्यावर होता, डाव्या हातानं कणसं पसरत. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खोलीतलं वाक्य, कप्तानी, भिंतीला टेकून उभं राहणं. त्यानं मधे एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावरही तो कणसंच पसरत राहिला. मी शिव्यांची वाट पाहत होतो.

मग म्हणाला, "वस्ताद गेले तवा मुदखेडहून सांगावा आलता मला. मी गेलो न्हाई."

त्यानं हातातलं कणीस खाली ठेवलं.

"त्यांची कबर कुठं हाय?"

मला माहीत नव्हतं. मीही गेलो नव्हतो.

"हुडकून काढ," तो म्हणाला. "सापडली की चिठ्ठी टाक. मी जाईन. तू संगं यायचं न्हाई."

सत्कार येत्या रविवारी आहे. त्या दिवशी मी मुदखेडला असेन, कब्रस्तानाच्या रखवालदाराकडं चौकशी करत.