मळवलीच्या बंगल्यात निवडलेला हेडफोन

प्रिय ईरा आणि अर्णव,

वाढदिवसाला नवा हेडफोन पाठवतो असं तुम्ही दोघांनी फोनवर सांगितलंत, आणि मी पटकन नको म्हणाले. अर्णवला ते लागलं असावं. म्हणून जुना मी कसा निवडला ते लिहून ठेवते. फोनवर एवढं सांगवत नाही.

तुम्हाला माहीत आहे, मी आयुष्यभर स्टेनो होते. रिटायर झाल्यावर लोणावळ्यात राहायला आले आणि एका छोट्या संस्थेचं काम घेतलं. गावोगावच्या बायकांनी दळताना म्हटलेल्या ओव्या त्यांनी पूर्वी कॅसेटवर घेतल्या होत्या. त्या ऐकून मी टाइप करते. प्रत्येक ओवीपुढे एक रकाना असतो : गायिकेचे नाव.

एका कॅसेटवर मी अडकले. मळवलीजवळच्या बौद्धवाड्यातल्या दोन जावा एकाच जात्यावर दळत गात होत्या. एक आवाज गोड, उंच. दुसरा जाड, बसलेला. नावं दोन होती, पण कुठला आवाज कोणाचा याची नोंद नव्हती.

"'दोघी जणी' लिहून टाका, मॅडम," संस्थेचे देसाई सर म्हणाले. "फॉर्म अडायला नको."

लिहिलंही असतं. पण त्यातल्या एकीची मुलगी सुमन मळवलीतच एका बंगल्याची देखभाल करते, हे कळलं होतं. मी तिला फोन केला. तिची आई आणि चुलती, दोघी ती कळती व्हायच्या आत गेल्या होत्या. आईचा फोटोही नव्हता.

"मावशी, त्यो गोड आवाज आईचाच आसंल," ती म्हणाली. "पोरांना मी तसंच सांगितलंय. पण तुमी नीट बघून सांगा."

'आसंल' असं मला रकान्यात लिहिता येत नव्हतं.

माझ्या लॅपटॉपवर जात्याची घरघर सगळं गिळून टाकायची. चांगला हेडफोन हवा होता. लोणावळ्यातल्या मोबाइलच्या दुकानात गेले. "काकू, हा घ्या, बेस लय भारी आहे," दुकानदार म्हणाला. बेस म्हणजे खालचा, घुमणारा आवाज. लावून पाहिला तर घरघर दुप्पट झाली. पुण्याच्या दुकानात खोकी सीलबंद. म्हणाले, आधी घ्या, मग ऐका. इंटरनेटवर लोक आवाजाला 'वॉर्म' आणि 'ब्राइट' म्हणत होते. मी त्याची यादी केली, पण आवाज उबदार म्हणजे नक्की कसा, ते यादीवरून कळेना.

हे सगळं मी सुमनला सांगितलं, तर ती हसली. "आमच्या सायबांकडं कानाला लावायची लय हायेत. एका खोलीत नुसती तीच. मी धूळ पुसते. ईचारू का?"

बंगल्याचे मालक मुंबईला असतात. फोनवर त्यांना इतका आनंद झाला की मीच गोंधळले. "सगळे लावून बघा, मॅडम. आमच्या घरात कोणी ऐकायलाच तयार नसतं."

मंगळवारी सकाळी वही घेऊन गेले. टेबलावर मालकांनी सुचवलेले तीन हेडफोन मांडलेले. मी शिस्तीत तपासायचं ठरवलं होतं, म्हणून माझ्या नोकरीतलं एक स्वच्छ डिक्टेशन लॅपटॉपवर नेलं होतं. तिन्हींवर ऐकलं. तिन्हींना दहापैकी नऊ मार्क दिले.

सुमन दारात केरसुणी घेऊन उभी होती. "काय ऐकताय?"

"इंग्रजी पत्र."

"आन् आईची टेप?"

"ती फार खराब आहे. तपासायला स्वच्छ आवाज लागतो."

"तांदूळ निवडताना आमी खड्याचाच घेतो, मावशी. निवडल्याला कशाला निवडायचा?"

मी कॅसेटवरून लॅपटॉपवर घेतलेली फाइल लावली.

सगळ्यात महागडा ओपन-बॅक होता, म्हणजे ज्याच्या पाठीला जाळी असते. त्यात जावा समोर बसल्यासारख्या वाटल्या. पण जाळीतून बंगल्याची पाण्याची मोटर आणि स्टेशनवरची गाडीसुद्धा आत आली. दुसऱ्यात बेस जास्त. तिसरा साधा काळा, बंद पाठीचा. त्यात घरघर मागे सरकली आणि तिच्या आत काहीतरी बदलताना ऐकू आलं. मधूनमधून जातं जड व्हायचं. त्याच्या जरासं आधी जाड आवाज दर वेळी शब्दातच तुटायचा आणि गोड आवाज ओळ पुढे न्यायचा.

पाच वेळा मागे नेऊन ऐकलं. पाचही वेळा तसंच.

"सुमन, जातं कशानं जड होतं?"

"नवा घास पडला की. मूठभर दाणं टाकलं की जड जातं."

"तुमच्याकडे घास कोण घालायचं?"

"आईच. चुलतीची दोन बोटं भातकापणीत इळ्यानं गेलती. तिच्या मुठीत दाणं ऱ्हायचं न्हाईत. बा सांगायचा."

बोलता बोलता तिने केरसुणी खाली ठेवली. सुपातून मूठ भरायला वाकणारीचाच आवाज तुटणार, हे तिला माझ्याआधी कळलं असावं. मी हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. ती जमिनीवर बसून पूर्ण अकरा मिनिटं ऐकत राहिली.

"म्हंजी गोड ती चुलती," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आन् ही घसा बसल्याली, ही आई." तिने हेडफोन काढला नाही. "व्हय. माजा बी आसाच हाय की."

तोच काळा हेडफोन मी नंतर मागवला. देसाई सरांनी भरलेला रकाना पाहून विचारलं, "पुरावा काय?" मी लिहिलं, 'घास पडण्याआधी तुटणारा आवाज.' त्यांनी ते तसंच ठेवलं.

वस्तू घ्यायची असेल तर आपल्याकडची सगळ्यात वाईट टेप घेऊन जावं. स्वच्छ आवाज काय, कशावरही चांगलाच लागतो.

ती कॅसेट आता चालत नाही, फीत चिकटली आहे. फाइल माझ्याकडे एक, संस्थेत एक आणि सुमनच्या मोबाइलमध्ये एक आहे. हेडफोनच्या कानाच्या गाद्या मी दोनदा बदलल्या. तो अजून चालतो.

— आजी