डागाभोवतीचं धुकं

नगरच्या कापडबाजारातल्या एका स्टुडिओत एक कारागीर होते, ते निगेटिव्हवर रिटचिंग करायचे. पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं, ते ओठांना लावून बघायचं आणि गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण बुजवत बसायचं. व्रण ठेवायचे की काढायचे, हे विचारायचे कुणालाच नाहीत. "द्येवानं खड्डे पाडायचे, आपन बुजवायचे," एवढंच म्हणायचे.

मी तेव्हा कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. एका परदेशी मासिकात क्वासारचा फोटो आला होता. क्वासार म्हणजे अतिदूरचा, ताऱ्यासारखा दिसणारा प्रखर ठिपका. या फोटोत त्याच्याभोवती पुसटसं धुकं उमटलं होतं, आणि ते धुकं म्हणजे तो ज्या दीर्घिकेत बसला होता ती अख्खी दीर्घिका असावी. मुलांना दाखवायला मी स्टुडिओतल्या या कारागिरांकडून मोठी प्रत करून घेतली. ठिपका लखलखीत आला होता. धुकं मात्र गायब.

"डाग हुता सर, काढून टाकला," ते खुशीत म्हणाले.

मी भडकलो. "अहो, त्या डागासाठीच तर फोटो होता! त्यात अब्जावधी तारे होते!"

ते भिंग लावून मासिकातलं धुकं बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी नवी प्रत स्वतः कॉलेजात आणून दिली. धुकं जसंच्या तसं होतं.

पुढे माझं लग्न जुळवायचं निघालं, मुलीकडे पाठवायला फोटो हवा होता. माझ्याही गालांवर देवीचे व्रण आहेत. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं, ओठांना लावलं, आणि थांबले.

"सर, ह्ये ठिवायचे का?"

त्यांनी कुणाला असं विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"काढा," मी खाली बघत म्हणालो.