वाळूतले मासे

ओल्या वाळूचा वास आला की रोह्याच्या घरातली आमची बाहेरची खोली आठवते. वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हा मी त्यांना पेणजवळच्या गावाहून माझ्याकडे आणलं होतं. जन्मभर मिठागरात राबलेला तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. वाचाही गेली होती. एकदा माझे यजमान पहिली शिफ्ट संपवून येताना कुंडलिकेतले बोटाएवढे पट्टेरी मासे जेवणाच्या डब्यातून घेऊन आले. खाटेशेजारी काचेची पेटी मांडून त्यांनी तळाला नदीचीच वाळू पसरली. मासे वाळूत शिरून बसायचे, नुसते डोळे वर दिसायचे. ते डोळे शोधायला वडील हळूहळू या कुशीवर वळू लागले. मग एका दुपारी मी भाकऱ्या थापत असताना बाहेरच्या खोलीतून वडिलांची घोगरी हाक आली, "गो... पानी!" मी पिठाच्या हातांनीच तांब्या घेऊन धावले आणि त्यांच्या ओठांना लावला, तर त्यांनी मान फिरवली आणि चांगल्या हाताने जमिनीकडे दाखवलं. पेटीतून उडालेला एक मासा फरशीवर तडफडत होता. मी त्याला ओंजळीत उचलून पाण्यात सोडलं. तो थोडा वेळ आडवा तरंगला, मग शेपूट हलवत वाळूत शिरला. "जगला, बाबा," मी म्हटलं. "व्हय," ते म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. त्यानंतर ते फारसे बोलले नाहीत. भातकापणीच्या सुमारास गेले. आता माझी मुलं विचारतात, आजोबांचा आवाज कसा होता, तेव्हा मला सगळ्यात आधी तीच हाक ऐकू येते.