एकदम सहा गाड्या

आमच्या ह्यांना वाटायचं, गाड्यांचा खप पावसानं आणि पेट्रोलच्या भावानं खाल्ला. कंपनीला वाटायचं, आमच्या ह्यांनी खाल्ला. खरं कारण मला ठाऊक होतं, कारण ज्याच्यामुळं ते कळलं तो माणूस माझ्याच ओसरीवर अर्ध्या ताटावरून उठला होता.

तुळजापुरात देवळाच्या रस्त्याला आमचं मोटरसायकलचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं आमचं बिऱ्हाड. कंपनी जुनी, नावाजलेली. गाडी काळीभोर आणि म्हशीसारखी जड. लोक तिला फटफटी म्हणायचे आणि ह्यांच्या कपाळाला आठी पडायची. "मशीन म्हणा, मशीन!" असं गिऱ्हाइकालाच दटावायचे. बायका खडी फोडायला गेल्या तो मोठा दुष्काळ सरला, नंतर पाऊस बरा झाला, विहिरी भरल्या, सोसायट्यांनी हात मोकळा सोडला. ज्याच्या ताब्यात संस्था आली त्याला बुडाखाली गाडी लागायची, आणि नवी गाडी देवीच्या दारात नारळ फोडून घ्यायची अशी रीतच पडून गेली होती. त्यामुळं आमचं बरं चाललं होतं.

हे गाडी विकायचे ती तिच्या आवाजावर. दुकानापुढं किक मारायचे, गिऱ्हाइकाच्या छातीत धडधडेपर्यंत पीळ द्यायचे आणि म्हणायचे, "चेअरमन गावात शिरायच्या आधी त्यांचा आवाज शिरला पाहिजे." ऐकणाऱ्याची छाती फुगायची. मी आत भाकरी थापताना हसायची, पण खरं सांगते, मलाही तो आवाज आवडायचा. त्यात आमचं घर चालल्याचं कळायचं.

आणीबाणीच्या वर्षात एका सरकारी कचेरीनं आमच्याकडून एकदम सहा गाड्या घेतल्या. एकेक गाडी खपवायला जिथं महिना महिना जायचा तिथं एकदम सहा. सहाही गाड्या ओळीनं उभ्या करून पूजा झाली, साऱ्या आळीला पेढे वाटले. रात्री हे म्हणाले, "आता बघ, जिल्हाभर आपलीच गाडी वाजणार." ते अगदी खरं झालं.

त्या गाड्या नसबंदीच्या मोहिमेला लागल्या. जीप वस्तीपर्यंत जात नसे, ओढ्यातून, बांधावरून मोटरसायकल जायची. मास्तरांना केसेस आणायला सांगितलेल्या, ग्रामसेवकांना सांगितलेल्या. आवाज आला की पुरुष तुरीत शिरायचे, कुणी ज्वारीत झोपायचे. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा तुळजापुरात बसून आम्हाला एवढंच दिसायचं, की गाड्या भरपूर पळतात आणि सर्व्हिसिंगला वेळेवर येतात.

मोहीम संपली, सरकार बदललं, आणि आमचा खप बसला. आधी वाटलं, सुगीनंतर उठेल. सुगी गेली. मग ह्यांनी पेट्रोलच्या भावाला शिव्या दिल्या, पावसाला दिल्या, सोलापूरच्या दुकानदाराला दिल्या. पुजाऱ्याला विचारून दुकानाच्या दारात नवा नाल ठोकला. गिऱ्हाइक यायचं, गाडीला हात लावायचं, हे किक मारायला पाय उचलायचे आणि गिऱ्हाइक म्हणायचं, "ऱ्हाऊ द्या, पुन्यांदा येतो." पुन्हा कुणी यायचं नाही. ती माणसं खोटी नव्हती. त्यांनाही धड सांगता येत नसावं.

लोहाऱ्याकडचं एक जोडपं दर वर्षी नवसाला यायचं आणि आमच्या ओसरीवर शिदोरी सोडायचं. त्या वर्षी मी त्यांना पिठलं वाढलं होतं. पुढं दुकानात मेकॅनिकनं गाडीला किक मारली. तो माणूस हातात घास तसाच घेऊन उठला आणि माझ्या परसदाराकडं चालायला लागला.

"अवो बसा की! दुकान हाय ते," त्याची बायको म्हणाली.

तो दारापाशी थांबला. परत आला, पण ताटावर बसला नाही. हात धुऊन बाहेर गेला. मी बाईकडं बघत राहिले.

"त्या साली हीच फटफटी यायची, बाई," ती म्हणाली. "आता कोन येत न्हाय, त्यान्ला ठाव हाय. पर पाय ऐकत न्हायत."

"आणि तुमच्यात ही गाडी कुणी घेतली तर?"

"घेतली की आमच्या सोसायटीच्या चेअरमननं. पोरं मागनं 'नसबंदी आली, नसबंदी आली' वरडत पळायची. इकून टाकली त्यानं."

रात्री मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांना राग आला. "विळीनं बोट कापलं म्हणून कुणी विळी फेकून देतं का? गाडीचा काय दोष?" मी म्हणाले, "दोष नसेल. पण घेणार कोण?" त्यावर बायकांच्या गप्पा म्हणून विषय संपवला आणि कूस बदलली. मला वाईट वाटलं. चिडल्याचं नव्हे, त्यांना ते खरं वाटलं म्हणून चिडले याचं.

त्यांना न सांगितलेली आणखी एक गोष्ट होती. माझा थोरला भाऊ भूम तालुक्यात, ईटच्या जवळच्या खेड्यात शेती करायचा. त्याला ईटच्या बाजारातून नेलं होतं. "कचेरीत सही करायची आहे, लगेच आणून सोडतो," म्हणाले आणि मोटरसायकलवर मागं बसवून घाट चढून थेट कॅम्पात. दादाला दोन मुली. तिसरं नको, असं त्यानं आणि वहिनीनं आधीच ठरवलेलं. म्हणून लोक म्हणायचे, तुझं काय नुकसान झालं? पण त्याला कुणी विचारलं नव्हतं. परत आला तो तीन दिवस कुणाशी बोलला नाही, असं वहिनीनं मला सांगितलं आणि दाजींना कळू देणार नाही अशी माझ्याकडून शपथ घेतली. दाजींनीच गाड्या विकल्यात, त्यांना तोंड दाखवायला लाज वाटेल, म्हणून. तेव्हापासून दादा तुळजापूरला आलाच नाही. हे समजायचे, साल्याला चेअरमनकीची हवा लागली. कारण मधल्या काळात दादा गावच्या दूध संस्थेचा चेअरमन झाला होता.

ऐंशी साल उलटल्यावर हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या यायच्या गोष्टी सुरू झाल्या आणि कंपनीनं पुण्याहून एक साहेब पाठवला. ह्यांनी त्याला पाऊस, पेट्रोल, ऊस सगळं समजावलं. साहेब म्हणाला, दसऱ्यापर्यंत खप दिसला नाही तर एजन्सी सोलापूरला जाईल. आणि उपायही सांगितला. "गावोगावी गाडी फिरवा. आवाज लोकांच्या कानावर पडला पाहिजे." आत चहा गाळताना मला इतकं हसू आलं की चहा सांडला. मग चहा पुसला त्याच फडक्यानं डोळे पुसले.

साहेब गेल्यावर हे म्हणाले, "तुझ्या भावापासून सुरुवात करू. दूध संस्थेला गाडी लागतेच. त्यानं घेतली की गाव घेईल."

"तिथं नको. दुसऱ्या कुठल्याही गावाला चला."

"का?"

शपथ घातलेली. मी म्हणाले, "उगीच नात्यात व्यवहार." हे ऐकतात कशाला? एजन्सी गेली तर ह्या वयात दुसरं काय करणार, ही भीती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. मला पुढं बोलवेना.

जेवून निघालो आणि संध्याकाळच्या दुधाच्या वेळेला पोचलो. संस्थेपुढं किटल्या घेऊन माणसांची रांग, दादा माप घेऊन बसलेला. आमची गाडी वळणावर आली आणि बोलणं थांबलं. कुणी पळालं नाही. दादाच्या हातातलं माप किटलीत कलंडलेलं होतं, दूध काठावरून त्याच्या हातावर वाहत होतं, तरी त्याचं लक्ष नव्हतं. मग माप ठेवून तो उठला आणि संस्थेच्या मागं निघून गेला. गावचा चेअरमन असा उठून गेला, पण रांगेतलं कुणी हसलं नाही. मला भीती वाटली ती त्याचीच.

थोड्या वेळानं दादा तोंड धुऊन आला. "या दाजी," म्हणाला. हे लगेच सुरू झाले. मशीन अशी, टाकी अशी. "आणि घाटात बघा, येताना एकदा सुद्धा बंद पडली नाही."

"पडत न्हायच," दादा म्हणाला. मागच्या सीटवर त्यानं हात ठेवला. "लई चांगली गाडी हाय दाजी. ईटच्या बाजारातनं मला हिच्यावरच बसवून न्हेलं. सगळा घाट म्या देवीला म्हनत हुतो, आता बंद पड, आता बंद पड. पडली असती तर म्या त्या दिवशी चालत घरी आलो असतो."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. तुला ठाऊक होतं का, असं त्यांनी विचारलं नाही. मी मान खाली घातली तेवढ्यावर त्यांना कळलं.

वहिनीनं चहा आणला, तो उभ्यानंच घेतला. दादा म्हणाला, "ऱ्हावा की आजची रात." हे "नको" म्हणाले. स्टँड काढलं, हँडल धरलं आणि किक न मारता गाडी ढकलायला लागले. रस्ता चढाचा. जड गाडी, ह्यांचं वय झालेलं, मान लाल झाली. दोन्ही बाजूंच्या घरांतून माणसं बघत होती. मी चपला हातात घेऊन मागून चालले होते. दहा-वीस पावलांनंतर दादा आला आणि त्यानं मागून जोर लावला. दोघंही नुसते धापा टाकत होते.

शेवटचं घर मागं पडलं. हे थांबले, घाम पुसला.

"इथं किक मारली तर गावात ऐकू जाईल का?"

दादानं मागं वळून गावाकडं पाहिलं.

"अजून थोडं," तो म्हणाला.